पिवळ्या पॅडवरचा हिशेब

एप्रिल २०१० मधली गोष्ट. मिशिगनमधल्या एका छोट्या कारखान्यात मी तेव्हा हिशेब बघायचो. गाड्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग आम्ही बनवायचो आणि निम्म्याहून जास्त माल जनरल मोटर्सला जायचा.

जेवणाच्या सुट्टीत टीव्हीवर जीएमची नवी जाहिरात लागली. कंपनीचे प्रमुख एड व्हिटेकर स्वतःच सांगत होते, की सरकारचं कर्ज आम्ही व्याजासकट, मुदतीच्या पाच वर्षं आधी फेडून टाकलं. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. मोठ्या प्रेसवर उभी हयात घालवलेला आमचा एक ऑपरेटर माझ्याकडे वळून म्हणाला, "काय रे आकडेवाल्या, म्हणजे आपल्या कराचे पैसे परत आले ना सगळे?"

'हो' म्हणून सँडविच संपवायला हवं होतं. पण मला गप्प बसवेना. खिशातलं पेन काढलं आणि पिवळं पॅड पुढ्यात ओढलं.

जीएम बुडू नये म्हणून सरकारने तिच्यात घातले (बेलआउट म्हणतात ते) सुमारे ४९.५ अब्ज डॉलर. दिवाळखोरीतून नवी कंपनी बाहेर पडली तेव्हा त्यातले कर्जाच्या नावावर उरले फक्त ६.७ अब्ज. बाकीच्याच्या बदल्यात सरकारला ६०.८ टक्के शेअर आणि २.१ अब्जांचे प्रेफरन्स शेअर मिळाले. जाहिरातीत फिटलं होतं ते एवढं ६.७. तेही गाड्या विकून नव्हे. सरकारच्याच पैशातली काही रक्कम एस्क्रो खात्यात राखून ठेवली होती, तीच उचलून परत दिली. बेलआउटवर देखरेख करणारे विशेष महानिरीक्षक नील बारोफ्स्की यांनी त्याच आठवड्यात सिनेटच्या समितीपुढे हे सांगितलं होतं.

"म्हणजे माझ्याच पैशाने माझी उधारी फेडली?"

"या खिशातून त्या खिशात."

सगळे हसले. (न वापरलेले पैसे परत करण्यात वाईट काहीच नाही. ते कमावून फेडल्यासारखं मिरवणं मला खटकत होतं.)

उरलेले पैसे शेअर विकूनच निघणार होते. मी भागाकार केला. सरकारचं मुद्दल सुटायचं तर अख्ख्या कंपनीची किंमत ६७ अब्जांच्या आसपास जायला हवी. कुणीतरी शिट्टी वाजवली. मग मी कराकडे वळलो, आणि तिथे बरेच जण उठून गेले. जुन्या कंपनीच्या खात्यात सुमारे ४५ अब्जांचा साठलेला तोटा होता. एरवी मालकी बदलली की असा तोटा पुढच्या नफ्यातून वजा करण्यावर मर्यादा येते. बेलआउटमधल्या कंपन्यांना सरकारने त्यातून सूट दिली. म्हणजे नवी कंपनी नफ्यात आली तरी कितीतरी वर्षं तिजोरीत कर फारसा पडणार नाही, आणि 'किती परत आले' या आकड्यात ही रक्कम कधी दिसणारही नाही.

ऑपरेटर मात्र बसून होता. त्याचा भाऊ डेल्फीत नोकरीला होता, युनियनबाहेरचा कर्मचारी. डेल्फी ही पूर्वी जीएमचाच भाग. तिच्या पेन्शन योजना कोसळल्यावर युनियनवाल्यांची तूट जीएमने भरून दिली, भावासारख्यांची नाही. पॅडवर बोट ठेवून तो म्हणाला, "हे कुठे लिहिशील?"

मला सांगता आलं नाही.

टेबलाशी परत आलो आणि काय मनात आलं कोण जाणे, जून २००९ ची खातेवही उघडली. १ जूनला जीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्या दिवशी तिच्याकडची आमची येणे बाकी बुडीत धरायची तयारी मीच केली होती. पुढे नव्या कंपनीने आमचा करार चालू ठेवला आणि मागची थकबाकी पै न पै चुकती केली. जुन्या कंपनीचे रोखे घेतलेल्यांच्या हाती नव्या कंपनीचे थोडे शेअर आणि वॉरंट (पुढे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क) पडले. आम्हाला रोख मिळाले. ते करदात्यांचे होते, आणि माझा पगारही त्यातूनच झाला होता. तासभर सगळ्यांना हिशेब सांगणाऱ्या माझ्या पॅडवर ही नोंद नव्हती. खाली एक ओळ वाढवली: 'आम्ही'. पुढे आकडा घातला, मग पॅड खणात टाकलं.

९ डिसेंबर २०१३ ला सरकारने जीएमचे शेवटचे शेअर विकले. जीएमपुरता तोटा साडेदहा अब्जांच्या घरात गेला. क्रायस्लर ही दुसरी मोटार कंपनी आणि गाड्यांना कर्ज देणारी अ‍ॅली धरून सगळा जमाखर्च वर्षभराने मिटला, तेव्हा ७९.७ अब्जांपैकी ७०.४ अब्ज परत आले होते. अ‍ॅलीत उलट फायदाच झाला, म्हणून तूट जरा कमी दिसते.

शेअर विकल्याची बातमी आली त्या संध्याकाळी ऑपरेटरला फोन केला. तो निवृत्त झाला होता. "दहा अब्ज? मला वाटलं होतं जास्त असेल," म्हणाला. भावाचं विचारलं. पेन्शनचा खटला अजून कोर्टात होता.