हेडर सापडला, पण कुठला?

लहान मुलांसाठी मराठी शब्दांचा एक खेळ आम्ही तिघं सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत लिहितोय. मी ठाण्यात उबुंटू लिनक्सवर, डोंबिवलीचा मित्र विंडोजवर, दादरची मैत्रीण मॅकवर. चित्रं, आवाज, कीबोर्ड सगळं एसडीएल २ या तयार कोडच्या लायब्ररीकडे. कोड एकच, पण भांडण पहिल्याच इन्क्लूडवरून, म्हणजे लायब्ररीची हेडर फाइल (तिच्यातल्या फंक्शनांची यादी) कोडमध्ये ओढणाऱ्या ओळीवरून.

उबुंटूवर हेडर '/यूएसआर/इन्क्लूड/एसडीएल२' मध्ये असतात. होमब्रू (मॅकवर लायब्ररी बसवणारं साधन) ते नव्या ॲपल सिलिकॉन मॅकवर '/ऑप्ट/होमब्रू'खाली ठेवतं, जुन्या इंटेल मॅकवर '/यूएसआर/लोकल'खाली. विंडोजवर तसंच साधन व्हीसीपीकेजी जिथे टाकाल तिथे. त्यात मित्राने हेडरचं नाव लहान अक्षरांत लिहिलेलं. त्याच्याकडे चाललं, मॅकवरही चाललं, माझ्याकडे 'फाइल सापडली नाही'. लिनक्स अक्षरांच्या बाबतीत फार कडक.

प्रत्येक फाइलीतले इफडेफ, म्हणजे 'विंडोज असेल तर हे, मॅक असेल तर ते' अशा अटी, बघून माझं डोकं उठलं होतं. मग ठरवलं, कोडमध्ये फक्त 'एसडीएल.एच', पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, शोधायचं काम प्रोग्रामची बांधणी आखून देणाऱ्या सीमेकचं. त्याची फाइंड पॅकेज ही आज्ञा लावली, एसडीएलचं तयार टार्गेट (लायब्ररी आणि तिच्या पत्त्यांचा गठ्ठा) लिंक केलं. पाथ त्या टार्गेटबरोबरच येतो, हाताने एकही लिहावा लागत नाही. अर्ध्या दिवसाचं काम.

खरी गंमत पुढे. मॅकवर 'एसडीएल रेंडर जॉमेट्री' हे फंक्शनच माहीत नाही असा एरर. ते एसडीएलच्या २.०.१८ व्हर्जनपासून आहे.

"ब्रू तर नवीन व्हर्जन दाखवतंय रे," मैत्रीण म्हणाली.

"क्लँगला हायफन मोठा एच देऊन बघ," मी म्हटलं.

क्लँग हा मॅकवरचा कंपायलर, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणारा. त्या पर्यायाने तो कुठला हेडर कुठून उचलतो त्याची यादी येते. यादीत '/यूएसआर/लोकल/इन्क्लूड/एसडीएल२'! जुन्या इंटेल मॅकवरून सगळं नव्यावर आणताना तिथलं होमब्रूही सोबत आलेलं. आणि एका फाइलीत अजून 'एसडीएल२/एसडीएल.एच' असं फोल्डरसकट लिहिलेलं. सीमेकने दिलेला पाथ थेट एसडीएल२ फोल्डरपर्यंतचा, त्याच्या आत आणखी एसडीएल२ कुठून असणार? मग क्लँग आपल्या नेहमीच्या जागांकडे वळला, त्यात '/यूएसआर/लोकल/इन्क्लूड' असतंच, आणि तिथला जुना हेडर गुपचूप घेतला. काहीच सापडलं नसतं तर बरं झालं असतं, निदान लगेच कळलं असतं.

त्या ओळीतलं फोल्डरचं नाव काढलं, बिल्ड झालं. एसडीएल ३ मध्ये मात्र नियम उलटा, तिथे फोल्डरसकटच लिहायचं. म्हणजे तिकडे जाऊ तेव्हा या सगळ्या ओळी परत बदलायच्या आहेत.