लहान शाळेत चित्रकला आणि संगीताचे ऐच्छिक वर्ग सुरू करताना

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. शाळा लहान आहे. पाचवी ते दहावीपर्यंत प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, आणि एकाही वर्गाचा पट तीसच्या वर जात नाही. अशा शाळेत चित्रकला किंवा संगीत यांपैकी एक विषय मुलांना स्वतःच्या आवडीने निवडता यावा आणि जो निवडला तो नीट शिकता यावा, यासाठी गेल्या काही वर्षांत आम्ही काय केले ते येथे लिहीत आहे. आमच्याएवढ्याच पटाच्या शाळांतील शिक्षक भेटले की याविषयी विचारतात, म्हणून थोडे तपशिलाने लिहिते.

पहिली अडचण शिक्षकाची होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, परंतु ते जेथे पट शंभराच्या वर आहे तेथेच. आमचा पट त्या मर्यादेच्या खाली. त्यामुळे वेळापत्रकात कलेचा तास असे, पण ज्या शिक्षकाचा कार्यभार कमी त्याच्या वाट्याला तो जाई, आणि त्या वेळेत बहुधा गणिताचा राहिलेला स्वाध्याय पुरा होई. यात त्या शिक्षकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. ज्यांनी हातात कधी कुंचला धरला नाही त्यांनी आठवीच्या मुलांना स्मरणचित्र कसे शिकवावे?

मुख्याध्यापकांशी बोलताना मी आरंभीच एक आग्रह धरला, आणि आजही मला तोच साऱ्या खटाटोपाचा गाभा वाटतो. चित्रकला आणि संगीत हे दोन्ही तास एकाच वेळी लागले पाहिजेत. एक विषय मंगळवारी आणि दुसरा शुक्रवारी ठेवला तर मुले दोन्हीकडे बसतात आणि निवड केवळ कागदावर राहते. दोन्ही वर्ग शेजारच्या खोल्यांत त्याच वेळी चालू असले म्हणजे मुलाला ठरवावे लागते, आणि ठरवल्यावर त्या विषयाची जबाबदारीही तो घेतो. पण तीस मुलांचा वर्ग दुभंगला की संगीताला आठ-दहाच मुले उरतात आणि तेवढ्यांसाठी बाहेरून शिक्षक बोलावणे परवडत नाही. म्हणून आठवी आणि नववी एकत्र घेतली. बुधवारी शेवटचे दोन तास आणि शनिवारी सकाळच्या शाळेतील शेवटचे दोन तास असे जोडतास ठरले. जोडतासावाचून चित्रकला होत नाही; पस्तीस मिनिटांच्या तासात रंग काढून पाणी आणेपर्यंत घंटा होते. वर्ग एकत्र केल्याने मिळालेला लाभ मात्र मी आधी ताडला नव्हता. नववीची मुलगी आठवीच्या मुलाला पेन्सिल धरून माप कसे घ्यायचे ते दाखवू लागली आणि शिक्षकांचे निम्मे काम हलके झाले.

शिक्षक गावातच सापडले. चित्रकलेसाठी कलाशिक्षक पदविका घेतलेला एक तरुण होता, जो दुकानांच्या पाट्या रंगवून आणि गणपतीच्या हंगामात मूर्तींचे रंगकाम करून चरितार्थ चालवीत असे. संगीतासाठी विठ्ठल मंदिरातील भजनी मंडळाचे पेटीवादक बुवा तयार झाले. परंतु त्यांनी स्वतःच सांगितले की, 'बाई, मला गाणं येतं, पण परीक्षेचं लिखापढीचं काही येत नाही.' म्हणून तालुक्याच्या गावी तबल्याचा वर्ग चालवणाऱ्या एका विशारद शिक्षकांना शनिवारसाठी विनंती केली. दोघे मिळून शिकवतात. बुवा आवाज लावून घेतात, सर ताल आणि परीक्षेचा अभ्यासक्रम पाहतात. मानधन संस्था आणि पालक-शिक्षक संघ निम्मे-निम्मे देतात. ते पुरेसे नाही, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे. या तिघांच्या आस्थेवर वर्ग चालतो आणि अशी आस्था कायम गृहीत धरणे बरोबर नाही.

पालकसभेत अपेक्षित तोच प्रश्न आला. एक आजोबा उभे राहून म्हणाले, 'बाई, ह्येचा दहावीला उपेग काय?' त्याचे उत्तर आकड्यांत देता येत होते. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7, ब श्रेणीला 5 आणि क श्रेणीला 3 वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय गायन-वादनाच्या मान्य संस्थांच्या ठरलेल्या संख्येइतक्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना आणि लोककलेत सहभाग असलेल्यांनाही सवलतीचे गुण आहेत. मी हे सगळे फळ्यावर मांडले आणि त्याच्याच जोडीला वेळेचा हिशेबही मांडला. एलिमेंटरी ही रेखाकलेची पहिली परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर इंटरमिजिएट द्यायची आणि परीक्षा वर्षातून एकदाच, म्हणजे आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट झाली तरच दहावीचे वर्ष मोकळे राहते. संगीतात तर प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या चढायच्या असल्यामुळे उशीर आणखी नडतो. सभा राजी झाली. गुणांमुळे पालक राजी होतात हे खरे, आणि त्यात गैर काही नाही. परंतु वर्गात शिक्षकांनी गुणांचा उल्लेख करू नये असे आम्ही आपापसांत ठरवले, कारण वाढीव गुणांसाठी घेतलेला कुंचला परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी खाली ठेवला जातो.

निवड करण्याआधी सर्वांनी दोन्ही वर्गांत बसायचे, असा नियम जून आणि जुलैसाठी केला. तो फार उपयोगी पडला. आपल्याला गाता येत नाही असे घरूनच ऐकून आलेल्या मुली या काळात गाऊ लागल्या. बुवांनी पेटीवर पट्टी बदलून पाहिली एवढेच त्याचे कारण. प्रार्थनेची पट्टी इतकी खाली असे की त्यांचा आवाज तेथे पोहोचतच नव्हता. पांढरी चार ही वरची पट्टी धरल्यावर तो मोकळा झाला. मुलग्यांचे आवाज या वयात फुटत असतात, त्यांना त्याच पट्टीत ओढू नये, त्यांनी त्या वर्षी तालाकडे वळावे, असे सरांचे मत पडले आणि मला ते पटले.

चित्रकलेच्या वर्गातील एक तास मी मागच्या बाकावर बसून पाहिला. टेबलावर पत्र्याची बादली, तिच्याशेजारी तांब्या आणि दोन वांगी ठेवली होती. सर्व मुलांनी बादलीचे तोंड गोल काढले, कारण बादली गोल असते हे सर्वांना ठाऊक होते. सरांनी काही खोडायला लावले नाही. त्यांनी बादली उचलून मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत धरली तेव्हा तोंडाची नुसती आडवी रेघ दिसली. ती हळूहळू खाली नेली तशी त्या रेघेची लंबगोल फट झाली आणि रुंदावत गेली. जमिनीवर ठेवून जवळ बोलावले तेव्हा ती गोल झाली. मग त्यांनी विचारले, 'आता तुझ्या जागेवरून तुला काय दिसतं?' प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते आणि प्रत्येकाचे बरोबर होते. मी निबंध शिकवताना 'जे पाहिले ते लिहा' असे वर्षानुवर्षे सांगत आले आहे, पण ते इतक्या स्वच्छपणे शिकवता येते हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

साहित्य जमवायला वेळ लागला, त्याचे सविस्तर वर्णन करत नाही. ड्रॉइंगचे कागद आणि पोस्टर रंग घाऊक आणले की स्वस्त पडतात. पटल गावच्या सुताराने प्लायवूडचे करून दिले. पेटी माजी विद्यार्थ्यांनी दिली, ती जुनी होती आणि तिचा भाता गळत होता. ती दुरुस्तीला मिरजेला न्यायची ठरली, तेव्हा दोन्ही वर्गांच्या मुलांना बरोबर नेण्याची कल्पना मुख्याध्यापकांनी मांडली, आणि त्या सहलीमुळे दोन्ही वर्गांचे रूपच बदलले.

आमची मुले मिरजेला दवाखान्यासाठी जातात. तेथील सतारमेकर गल्ली त्यांनी पाहिलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकात शस्त्रे बनवणारी शिकलगार घराणी वाद्यांकडे वळली आणि फरीदसाहेब यांच्यापासून मिरजेची तंतुवाद्यांची परंपरा सुरू झाली. 2024 मध्ये येथील सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बालकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला विष्णु दिगंबर पलुसकर याच गावात राहिले. 5 मे 1901 रोजी पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि 1931 मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी संगीताच्या परीक्षा घेणारे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. मुले परीक्षेच्या अर्जावर जे नाव लिहितात ते आपल्या जिल्ह्यातून असे फिरून आले आहे, हे मी त्यांना मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात सांगितले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर तेथेच आहे.

एका कारखान्यात छताला वाळलेले भोपळे टांगलेले होते. कारागिरांनी एक तंबोरा जुळवला आणि पंचम (प), दोन षड्ज (सा) व खर्ज (खालचा सा) अशा चार तारा क्रमाने छेडून दाखवल्या. सूर लागले होते, पण आवाज बसका वाटत होता. मग त्यांनी तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवला आणि तो केसभर पुढे-मागे करीत तार छेडत राहिले. एका जागी दोरा आला आणि तीच तार अशी भरून बोलू लागली की मागे उभी असलेली मुलेही पुढे सरकली. याला जवारी लावणे म्हणतात. वर्गात आम्ही मोबाइलवरचा तंबोरा वापरतो आणि तो सोयीचा आहे. तरी भोपळ्याला कान लावून ऐकल्यावर आमच्या मुलींनी षड्ज लावायला घेतलेला वेळ वाढला, कारण सूर जुळला की नाही हे त्यांना आता स्वतःला कळू लागले होते. चित्रकलेची मुले तोवर भोपळ्यांची रेखाटने करीत बसली होती.

संगीताच्या वर्गात एक मुलगा होता, ज्याच्या घरी धनगरांच्या गजीनृत्याचा ढोल आहे आणि जो जत्रेत वडिलांबरोबर वाजवतो. त्याला तबल्यावर त्रितालाच्या 16 मात्रा मोजता येईनात आणि तो हिरमुसला. सरांनी त्याला शनिवारी घरचा ढोल आणायला सांगितले, गजीचे वाजवायला लावले आणि बाकीच्यांना टाळी देऊन सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधायला सांगितली. ती कोणालाच सापडेना, तेव्हा त्यानेच थांबून ती दाखवली. त्यानंतर त्रिताल त्याला फारसा शिकवावा लागला नाही. आमच्या भागातील ओवी, भजन आणि ढोल मुलांच्या कानात आधीपासूनच असते. अभ्यासक्रमातील शास्त्राने त्याला ओळखून घेतले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रेखाकला परीक्षेचे केंद्र तालुक्याच्या गावी होते. परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी-शेवटी येते आणि आमच्याकडे तेव्हाच द्राक्षांच्या फळछाटणीची धांदल असते. हाताशी आलेली मुले बागेत लागतात. म्हणून परीक्षेच्या तारखा लागताच आम्ही घरोघरी जाऊन सांगितले, आणि काही पालकांनी छाटणीची टोळी एक दिवस पुढे ढकलली. ज्यांना ते शक्य नव्हते त्यांच्या बागेत त्या दिवशी गावातल्या इतर पालकांनी माणसे दिली. एलिमेंटरीला बहुतेकांना ब आणि क श्रेणी मिळाली. संगीताच्या प्रारंभिक परीक्षेत परीक्षकांनी भूप रागाची सरगम ऐकून आमच्या एका मुलीला पुन्हा गायला सांगितले, ते केवळ ऐकावेसे वाटले म्हणून.

वाद दहावीवरून झाला. आठवी-नववीचे जोडतास सर्वांना मान्य होते, पण दहावीला कलेसाठी एकही तास ठेवू नये, जादा तास घ्यावेत, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते. याहून कठीण होती ती नववीतील मागे पडलेल्या मुलांना बुधवारच्या जोडतासातून काढून इंग्रजीसाठी बसवण्याची सूचना. तिला मी विरोध केला. ज्या मुलाला बाकी सहा तास आपल्याला काही येत नाही असेच वाटत असते, त्याच्याकडून जे येते तोच तास काढून घेणे अन्यायाचे आहे. बरीच चर्चा झाल्यावर असे ठरले की इंग्रजीचा जादा वर्ग शाळा भरण्यापूर्वी घ्यायचा आणि जोडतासाला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही. दहावीच्या मुलांना शनिवारी यायचे असेल तर यावे, सक्ती नाही. हा निर्णय आता शाळेच्या वार्षिक नियोजनात लेखी आला आहे. तो लेखी असणे आवश्यक होते, कारण मुख्याध्यापक बदलतात आणि तोंडी ठरलेले त्यांच्याबरोबर जाते.

यंदा संगीताकडे चित्रकलेपेक्षा अधिक मुले वळली आहेत आणि तबल्याची एक जोडी पुरत नाही. दुसऱ्या जोडीसाठी पालक-शिक्षक संघाकडे अर्ज दिला आहे. चित्रकलेच्या सरांचे गणपतीचे काम ऑगस्टमध्ये वाढते, तेव्हा त्या महिन्यातील बुधवारचा तास त्यांच्या रंगशाळेतच घेण्याची परवानगी संस्थेने दिली असून, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी ते तेथे मुलांना दाखवणार आहेत.