वचनाची चिठ्ठी आणि घरखर्चाची वही

शनिवारी साडेदहाच्या सुमारास मंडळीतलं एक कुटुंब पाळकगृहात आलं. ती खासगी दवाखान्यात नर्स, तो एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये, सोबत त्याची आई. "सलाम, पाळकसाहेब. सौदीचं काम झालंय. सोमवारी पैसे भरायचेत, तेवढी आशीर्वादाची प्रार्थना करा."

तिच्या सौदीतल्या नर्सच्या नोकरीसाठी एजंटने एकूण साडेतीन लाख सांगितले होते. त्यातले दीड लाख सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत, नाहीतर जागा दुसऱ्याला. दोघांनी तीन शुक्रवार उपवास केला होता. आणि 31 डिसेंबरच्या रात्री वॉच नाइटच्या उपासनेत नव्या वर्षासाठी चिठ्ठीसारखं उचलायचं, बायबलमधलं वचन छापलेलं कार्ड घेताना तिच्या हाताला उत्पत्ती 12:1 चं वचनकार्ड आलं होतं: अब्राहामाला देश सोडून जायला सांगणारं. ते तिने प्लास्टिकमध्ये घालून बायबलमध्ये जपलं होतं.

अशा वेळी प्रार्थनेला नाही म्हणायचं नसतं. पण तयार झालेल्या निर्णयावर शिक्का म्हणून केलेली प्रार्थना माणसाला फसवते, कारण तिच्यात 'नको' हे उत्तर ऐकायला जागाच उरलेली नसते. म्हणून मी म्हटलं, "ताई, प्रार्थना दोनदा करू. आत्ता एकदा आणि दुपारी एकदा. मधल्या वेळात घरखर्चाची वही लागेल. भाऊ, घेऊन या." घर जवळच होतं.

पहिली प्रार्थना छोटी ठेवली. त्यात सौदीसाठी काही मागितलं नाही. जे खरं आहे ते आज दिसू दे, आणि दिसलेलं मान्य करायचं धैर्य दे, एवढंच. मग पाच मिनिटं सगळे गप्प बसलो. ही पाच मिनिटं गाळू नयेत. घाई घेऊन आलेल्या माणसाचा श्वास तेवढ्यात जागेवर येतो आणि पुढचं बोलणं बदलतं.

नवरा वही घेऊन येईपर्यंत बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पहिला आणि दुसरा अध्याय वाचला. नहेम्या हा पारसच्या राजाच्या दरबारात चाकरी करणारा यहुदी. यरुशलेमच्या पडलेल्या तटाची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळते आणि राजापुढे तो तोंड उघडतो नीसान महिन्यात. मधले चार महिने रडणं, उपवास, प्रार्थना. पण राजाने "तुला काय हवं?" असं विचारताच त्याच्याकडे सगळं तयार असतं: किती दिवसांची रजा, कोणत्या सुभेदारांना पत्रं, लाकडासाठी वनाधिकारी आसाफ याच्या नावचा हुकूम. हे आयत्या वेळी सुचत नाही. त्या चार महिन्यांत गुडघे आणि हिशेब दोन्ही चालू होते. पुढे शत्रू चालून येतात तेव्हा 4:9 मध्ये प्रार्थना आणि पहारा एकाच वाक्यात येतात. तट 52 दिवसांत पुरा झाला. ते 52 दिवस सगळे सांगतात, आधीचे चार महिने कोणी सांगत नाही.

वही आली. नव्या पानावर आधी दशांश, म्हणजे देवासाठी काढलेला उत्पन्नाचा दहावा भाग लिहिला, मग बाकीचं. दोघांचा पगार मिळून 38,000. दशांश 3,800, भाडं 7,000, मुलांची शाळा 5,500, किराणा आणि दूध 11,000, पेट्रोल 3,000, लाईट-गॅस-मोबाईल 2,700, आजींची औषधं 1,800. उरतात 3,200. साडेतीन लाख पतपेढीतून 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता जवळपास 12,000. शिवाय एजंटने तिला राजीनामा आधीच द्यायला सांगितलं होतं. म्हणजे व्हिसा येईपर्यंत तिचे 21,000 बंद आणि हप्ता चालू. नवऱ्याने बेरीज दोनदा करून पाहिली. नियोजनात चुकतं ते बहुतेक वेळा इथंच: लोक पोहोचल्यानंतरचा पगार मोजतात, निघण्याआधीचे रिकामे महिने मोजत नाहीत. बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजायला लूक 14:28 मध्ये प्रभूच सांगतो, म्हणून या बेरजेला अविश्वास म्हणता येत नाही.

दुसऱ्या पानावर एजंटची माहिती. परदेशी भरती करणाऱ्याकडे सरकारी नोंदणी लागते आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही तपासता येते. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखालच्या नियमांप्रमाणे त्याला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त 30,000 रुपये, अधिक जीएसटी, आणि तेही पावती देऊन. नर्सेसच्या आखाती भरतीसाठी तर 2015 पासून सरकारने ठरावीक संस्थांनाच मुभा दिली आहे. या एजंटच्या कार्डावर नोंदणी क्रमांक नव्हता. फोनवर मागितल्यावर त्याने जो सांगितला, तो पोर्टलवर दुसऱ्याच शहरातल्या दुसऱ्याच फर्मच्या नावावर निघाला. पैसे भरायचे होते ते एका व्यक्तीच्या बचत खात्यात. कराराचा कागद एकही नाही, पण पासपोर्ट आणि नर्सिंग कौन्सिलचं मूळ प्रमाणपत्र मात्र त्याला 'जमा' हवं होतं.

ती हळूच म्हणाली, "पण वचन?"

या प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नये, कारण तिचा विश्वास खरा होता. वचनकार्डं संचाने छापून येतात. त्याच डब्यातून तेच वचन आणखी कोणाच्या हाती गेलं असेल, आणि त्या सगळ्यांनी गाव सोडावं असा त्याचा अर्थ होत नाही. कार्ड वर्षभराच्या धीरासाठी असतं. निर्णयासाठी प्रेषित पौलाचा प्रवास पाहावा, बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 16 वा अध्याय. आशिया प्रांतात वचन बोलायला पवित्र आत्म्याने मना केलं, बिथुनियाकडे जाऊ पाहिलं तेही झालं नाही, मग त्रोवसात रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त. पण दहाव्या ओवीत 'आम्ही' अनुमान केलं असं येतं. दृष्टान्त एकाला झाला, अर्थ सगळ्यांनी मिळून लावला, बंद झालेली दारंही त्यात धरून. आणि धार्मिक शब्दांत आलेला प्रत्येक सल्ला देवाचा नसतो. शमाया नावाचा माणूस नहेम्याला मंदिरात लपायला सांगतो तेव्हा त्यासाठी शत्रूंनी त्याला पैसे दिलेत हे नहेम्या ओळखतो.

'आम्ही' म्हटल्यावर मी आजींकडे पाहिलं. तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. "वचन आलंय म्हटल्यावर मी काय बोलणार? धाकटा चार वर्षांचा. रात्री ताप आला तर हा सेकंड शिफ्टला. माझं मलाच होत नाही." सून त्यांच्याकडे बघतच राहिली. तीन शुक्रवारांच्या उपवासात हे कोणी विचारलंच नव्हतं. 'मला देवाने दाखवलं' या वाक्यापुढे घरातली बाकीची तोंडं बंद होतात. मंडळीत मी पाहिलेल्या बिघडलेल्या निर्णयांपैकी निम्मे तरी याच एका वाक्याने बिघडले आहेत.

साडेतीनला नवऱ्याने एजंटला फोन लावला आणि आधी लिहून ठेवलेल्या तीन गोष्टी मागितल्या: लेखी करार, फर्मच्या नावची जीएसटी पावती आणि नोंदणीपत्राची प्रत. उत्तर आलं, "विश्वास नसेल तर नाव काढतो, मागे लाईन लागलीय." फोन कटला. सोमवार संध्याकाळची मुदत देवाने घातलेली नव्हती, हे आता कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरी प्रार्थना तिने स्वतः केली. सौदी पुन्हा मागितलं, मोकळ्या मनाने, पण या वेळी आजींचं नाव, मुलांची नावं आणि कर्ज, सगळं त्यात आलं. मग तिसरं पान. वर याकोब 4:15 मधले शब्द, 'प्रभूची इच्छा असेल तर'. खाली सहा महिन्यांचा आराखडा: नोकरी सोडायची नाही, ड्युटीनंतर रोज दीड तास परदेशातल्या लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास, फी महिन्याच्या उरलेल्या 3,200 मधूनच, मूळ कागदपत्रं कोणाच्याही हाती द्यायची नाहीत, भरती फक्त मान्यता असलेल्या संस्थेकडून. आजींच्या सोबतीला रात्री कोण, याची ओळ कोरी ठेवली. ती भरल्याशिवाय कुठेही अर्ज करायचा नाही, असं त्या दोघांनीच ठरवलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे पान घेऊन प्रार्थनेला बसायचं, आणि मागच्या महिन्यात काय उघडलं, काय बंद झालं ते त्यावर तारखेसह लिहायचं.

निघताना तिने कार्ड परत बायबलमध्ये ठेवलं. वहीतलं पान मात्र आजींनी मागून घेतलं, घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकलं.