जोहार

२५ जुलै २०२२, सोमवार

सकाळी साडेनऊलाच बाबूजींना आंघोळ घालून टीव्हीपुढे बसवलं. ८८ वर्षांचा माणूस, ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाज एवढा मोठा की शेजारच्या काकू ग्रिलमधून डोकावल्या. "मॅच हाय का?" म्हटलं, शपथविधी आहे. "पुन्हा? आत्ताच तर झाला!" काकूंचं चुकलं नाही. महिनाही झाला नाही, मुंबईत मुख्यमंत्र्यांचा एक होऊन गेला. म्हटलं, हा राष्ट्रपतींचा. तशा काकू भाजीवाल्याकडे वळल्या.

सव्वादहाला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सरन्यायाधीश रमणांनी द्रौपदी मुर्मूंना शपथ दिली. हिंदीतून घेतली, न अडखळता. मी निम्मा वेळ साडीच पाहत होते. पांढरी संथाली साडी, हिरवे-लाल काठ, आणि पदर अगदी शाळेत जाणाऱ्या बाईसारखा नीट पिनअप केलेला. त्या काही वर्षं शिक्षिका होत्या, त्याआधी ओडिशा सरकारच्या पाटबंधारे-वीज खात्यात कनिष्ठ सहायक. कारकुनी आणि मास्तरकी, दोन्ही केलेली बाई. पदर सुटणार नाही. मग खुर्च्यांची अदलाबदल झाली, मावळते राष्ट्रपती कोविंद उठले आणि या त्यांच्या जागी बसल्या. मला हा भाग फार आवडतो. देशातलं सगळ्यात मोठं पद, आणि ते देणं-घेणं म्हणजे एवढंच, जरा इकडे सरका. तोफांची सलामी सुरू झाली तशी आमच्याकडे लाईन गेली. २१ पैकी दोन ऐकल्या. या पावसाळ्यात रोजचंच झालंय.

भाषणाआधी लाईन आली हे नशीब.

त्या माईकपाशी उभ्या राहिल्या, हात जोडले आणि पहिला शब्द उच्चारला, "जोहार!" नमस्कार त्याच्यानंतर.

बाबूजींनी झटका बसल्यासारखी मान वळवली. "काय म्हणे ते?"

"जोहार म्हणाल्या, बाबूजी."

"राष्ट्रपती झाली ना ते? मग जोहार काहून करून राहिली? कोणाले?"

आता हे समजायला आमचं घर माहीत असावं लागतं. इथं नागपूरजवळच्या कुहीकडच्या गावात माझे आजोबा महारकीची कामं करत. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पायातलं काढून, कमरेत वाकून "जोहार मायबाप" म्हणायचं. चोखोबांच्या अभंगात आहे तोच जोहार. बाबूजी लहानपणी त्यांच्या मागे असत. पाटील कधी पान लावत असे, कधी हिशेब पाहत असे, मान वर करत नसे. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला, आज आपण दीक्षाभूमी म्हणतो त्या मैदानावर बापलेक दोघंही होते. बाबूजी तेव्हा २२ वर्षांचे, एम्प्रेस मिलमध्ये नवेच लागलेले. आजोबा गावी परतले आणि वाड्यासमोर ताठ उभं राहून "जय भीम" म्हणाले. त्या सुगीला बलुतं बंद झालं. जय भीम ही आमच्या कामठीच्या बाबू हरदासांची देणगी, एकमेकांना भेटताना हेच म्हणायचं असं त्यांनी रुजवलं. आमच्या घरात त्यानंतर जोहार हा शब्द शिवीच्या पलीकडचा. शिवी तरी कोणी रागात देऊन जाई, जोहार नाही.

आणि मी, त्या घरातली पोरगी, १९८४ साली कोरचीच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून लागले. गडचिरोली जिल्हा होऊन दोनच वर्षं झालेली. पहिल्याच सकाळी व्हरांड्यात गोंड पोरांची रांग, सगळ्यांचे हात जोडलेले. "जोहार, बाई."

माझ्या अंगावर काटा आला. मला पोरं दिसलीच नाहीत, वाड्यासमोर वाकलेले आजोबा दिसले. मी म्हटलं, जोहार म्हणायचं नाही. कोणालाच नाही. ताठ उभं राहून नमस्ते म्हणायचं. "ताठ"वर माझा भारी जोर. पंधरा दिवसांत सगळी शाळा नमस्ते म्हणायला लागली. मी बाबूजींना पत्र लिहून कळवलं, त्यांना केवढा आनंद झाला.

पोरं ताठच उभी असायची. हे मला आज, टीव्हीपुढे बसल्यावर आठवलं.

बाबूजींना मोठ्यानं समजावून सांगितलं की संथाल लोक एकमेकांना भेटले की जोहार म्हणतात, आपल्या गोंडांमध्येही म्हणतात, लहान मोठ्याला म्हणतो तसा मोठाही लहानाला म्हणतो. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"म्हणजे समोरचाबी वापस जोहारच म्हणते?"

"हो."

"आमचा एकाच बाजूनं होता," म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले आणि पुढचं भाषण त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं असेल, मला काही बोलले नाहीत.

मी ऐकलं. आपल्या गावातून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी, असं त्या म्हणाल्या तेव्हा आवाज जराही चढला नाही. स्वतंत्र भारतात जन्मलेली मी पहिली राष्ट्रपती, हेही सांगितलं. खरंच की, त्यांचा जन्म १९५८ चा, माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठ्या. पुढे संथाल, पाइका, कोल, भिल्ल, अशी उठावांची नावं येऊ लागली तशी मी पुढे सरकून बसले. आता गोंड येतील, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, २१ ऑक्टोबर १८५८ ला फाशी दिलेले आपले बाबुराव शेडमाके येतील. बिरसा मुंडा आले, शेडमाके नाही आले. भाषणात सगळं मावत नाही हे कळतं, तरी खट्टू झाले. हे नागपूर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शहानं, १७०२ साली. राजधानीहून एक जोहार इकडेही यायला हरकत नव्हती. संथाली २००३ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत गेली. गोंडी अजून बाहेर. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे ३० लाखांच्या आसपास आहेत आणि संस्कृत मातृभाषा सांगणारे २५ हजारांच्या आत. अनुसूचीत कोण आहे ते सांगायला नको.

गरीब स्वप्न पाहू शकतो आणि ते पुरंही करू शकतो, याचा माझी निवड हा पुरावा आहे, अशा अर्थाचं त्या बोलल्या. टाळ्या पडल्या. त्यांच्यापुरतं ते शंभर टक्के खरं. पण मी आठवड्यातून दोनदा सीताबर्डीच्या त्या उड्डाणपुलावरून जाते ज्याला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. २३ नोव्हेंबर १९९४, विधानभवनावर आलेला मोर्चा, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यांत बायका-मुलं किती. त्यांचं स्वप्न आदिवासी असल्याच्या एका जातीच्या दाखल्याएवढं होतं. २०१८ ला हायकोर्टानं ते मान्य केलं, २०२० ला सुप्रीम कोर्टानं काढून घेतलं. पुलावर ट्रॅफिक मात्र मोकळा असतो.

भाषण संपलं, वरणाला फोडणी दिली, पण डोक्यात वेगळंच चाललेलं. पेपरात वाचलेलं की द्रौपदी हे त्यांचं मूळ नाव नाही. घरचं संथाली नाव पुती. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या एका शिक्षकाला ते आवडलं नाही, त्यानं द्रौपदी ठेवलं. काल वाचलं तेव्हा मी "अरे वा" म्हणून पान उलटलं होतं.

आश्रमशाळेचं दाखल-खारीज रजिस्टर माझ्याकडे असायचं. चैत्रात जन्मला म्हणून घरच्यांनी चैतू ठेवलेला एक पोरगा पहिलीत आला. मी लिहिलं चेतन. पुढे शहरात गेला तर कोणी हसू नये म्हणून! त्याच्या बापाला विचारलंसुद्धा नाही, तो अंगठा लावून गेला. असे किती चेतन केले ते मोजलेलं नाही.

त्या चेतनचा मागच्या आठवड्यात फोन येऊन गेला होता. मुलगी बारावी झाली, नर्सिंगला जायचंय, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र, अडकली. आजोबाच्या काळच्या कोतवाल पंजीत, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, बापाचं नाव चैतू, टी.सी.वर चेतन. समितीवाले विचारतात, हे दोघं कोण? मी त्याला म्हटलं होतं, ऑफिसात विचारून पाहा. माझी चूक आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, किंवा येऊ दिलं नव्हतं.

दुपारी बाबूजी झोपल्यावर मी त्याला फोन लावला.

"नमस्ते, बाई."

अडतीस वर्षांपूर्वी शिकवलं ते, तसंच. मला जोहार म्हणायचं होतं. म्हणून तर लावला होता फोन. पण तोंडातून निघेना, मधे आजोबा उभे. मी विचारलं, "पाऊस कसा हाय तिकडं?"

"रपट्यावरून पाणी हाय, बाई. बस बंद."

"चैतू," मी म्हटलं, आणि तो एकदम गप्प झाला. "नाव मीच बदललं होतं, असं ॲफिडेविट मी करून देते. समितीनं बोलावलं तर येईन."

"तुमी कायले त्रास घेता?"

"मुलीचं पूर्ण नाव सांग, लिहून घेते. स्पेलिंगसकट."

उद्या सकाळी तहसीलसमोरच्या व्हेंडरकडून स्टॅम्प आणायचा. आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स. सेवापुस्तकाची प्रतही लागेल बहुतेक, ती पलंगाखालच्या पेटीत आहे, बाबूजी उठले की काढते.