तुम्ही विचारलंत म्हणून: बालवाडीत आधी नळ कुठे, ते ठरवा

"मॅडम, बालवाडी बांधतोय, मुलांचं निसर्गाशी नातं जुळलं पाहिजे, तर काय काय करायचं?" हा प्रश्न मला सारखा येतो, कधी संस्थेच्या ट्रस्टींकडून, कधी बंगल्याच्या तळमजल्यावर प्लेग्रुप काढणाऱ्यांकडून, आणि सोबत बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो असतो, टोकियोतल्या ताचिकावाच्या फुजी किंडरगार्टनचा. लंबगोल इमारत, पोरं छपरावर पळतायत, छपरातून झाडं वर आलीयत. असं पाहिजे म्हणतात.

खरंच सुंदर आहे ती. ताकाहारू आणि युई तेझुका या आर्किटेक्ट नवराबायकोने केलेली, २००७ ची. जागेवर झेल्कोव्हाची मोठी झाडं होती ती तोडली नाहीत, छपरात भोकं ठेवली आणि भोवती जाळ्या बांधल्या, आता पोरं त्या जाळीत जाऊन बसतात. पण मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते वर्गांचे सरकते दरवाजे. वर्षातला बराच काळ ते उघडेच असतात, त्यामुळे वर्ग संपून अंगण कधी सुरू झालं ते कळतच नाही. ते छप्पर इकडे आणून उपयोग नाही, एप्रिलमध्ये सकाळी अकरा वाजता गच्चीवर अनवाणी उभं राहून बघा. दरवाजा मात्र आणता येतो.

आणि दरवाजा आणूनही फसता येतं, ते मी केलंय. मी प्लॅन केलेल्या पहिल्या बालवाडीत मोठी बाग होती, वाळूचा हौद, वर्गातून थेट बाहेर जायचं दार, सगळं. जुलैमध्ये सहज म्हणून गेले तर दाराला कुलूप. अठ्ठावीस मुलं आत, बाहेर मस्त पाऊस पडून गेलेला, आणि खिडकीच्या ग्रिलला तीन-चार पोरं लटकलेली. मी ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सोडलं असतं हो, पण पाय कुठे धुवायचे? नळ एकच, तो पार टॉयलेटात. तिथपर्यंत सगळा चिखल टाइल्सवर, मावशी एकट्या किती वेळा पुसणार, आणि ओल्या टाइल्सवरून कुणी घसरलं तर?" काय चुकीचं होतं त्यांचं? त्यांच्या प्रत्येक "नको"ला मी प्लॅनमध्ये कारण देऊन ठेवलेलं होतं.

तेव्हापासून मी प्लॅनला हात लावायच्या आधी एवढंच बघते, की ताईंना कोणकोणत्या वेळी "नको" म्हणावं लागेल, आणि ते एकेक कारण काढत जाते. वर्ग आणि अंगण यांच्या मध्ये पडवी हवीच, किमान सहा फूट रुंद, म्हणजे पावसातही दार उघडं राहतं. पडवीच्या कडेला पाय धुवायची लांब मोरी, नळ मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर, चार तरी, आणि खाली माती अडकायला जाळीचा खड्डा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ड्रेनेज तुंबतं. फरशी खरखरीत, पॉलिश न केलेला शहाबाद किंवा कोटा. वाळूच्या हौदावर रात्री झाकायला जाळी, कारण मांजरं तिथेच घाण करतात. कुठे पाणी साचणार नाही असा उतार, नाहीतर डासांच्या भीतीने पालकच बाग बंद करायला लावतात, आणि त्यांचंही बरोबरच असतं.

खिडकीचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, सर्रास तीन फुटांवर घेतात, आणि तीन वर्षांचं मूल असतं तीन-सव्वातीन फुटांचं, त्याला बसल्या जागेवरून आभाळाचा तुकडा आणि पंखा एवढंच दिसतं. मी सिल फुटा-सव्वाफुटावर घेते, रुंद, ग्रिलसकट, म्हणजे त्यावर बसून मुंग्यांची रांग बघता येते.

झाडांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. बिट्टी नको. आपण सगळे बिट्ट्यांनी खेळलोय, मान्य, पण ती विषारी आहे आणि तीन वर्षांचं मूल सगळं तोंडात घालतं. लाल कण्हेर पण नको. शेवगा वर्गाजवळ नको, पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंट येतात आणि अंगाची आग होते. उंबर असेल तर नशीब समजा, पक्षी आपोआप येतात.

हे सगळं परदेशातून शिकायची गरज होती असंही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. खडे, बिया, पानं हेच शिकायचं साहित्य. तिथे भिंतच नव्हती, त्यामुळे निसर्ग आत आणायचा प्रश्नच आला नाही. आपण भिंत बांधतोय, तर तिचा त्रास कमीत कमी कसा होईल ते बघणं हे माझं काम.

तुमचा प्लॉट अगदीच लहान असेल, झाड लावायलाही जागा नसेल, तर एक करा. पडवीच्या एका बाजूला पन्हळ लावू नका. पागोळ्या पडू देत, खाली फूटभर रुंद गोट्यांचा पट्टा आणि त्याला उतार. गेल्या वर्षी एका बालवाडीत बघितलं, एक मुलगी पागोळीखाली तळहात धरून उभी होती, हात भरला की ओतायची, परत धरायची, मग शेजारच्या पागोळीखाली जाऊन बघायची की ती जोरात पडते का हळू. वीस मिनिटं तरी चाललं असेल. ताई पडवीतच बसल्या होत्या, दुसऱ्या मुलांचे पाय धूत, आणि एकदाही तिला हाक मारली नाही.