बंद झालेल्या चाकूंचं मोल: माझ्या खणाची चौथी नोंद

गेल्या नोंदीत म्हटलं होतं तसा उत्पादन थांबलेल्या घडीच्या चाकूंचा खण अखेर हातात घेतला. बावीस-तेवीस असतील असं वाटत होतं, निघाले एकतीस. एकेक उघडला, पुसला, भिंगाखाली टँगवरचा (पात्याच्या मुठीकडच्या मुळावरचा) शिक्का वाचला आणि वहीत प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: आणखी वीस वर्षांनी कुणी हा शोधत येईल का?

आपल्यापैकी प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. कंपनीने एखादं मॉडेल यादीतून काढलं की उरलेल्या मालावर सगळे तुटून पडतात. एक वापरायला, एक ठेवायला, असं म्हणत मीही जोडीने चाकू घेतले आहेत. पण तीन आठवडे या खणाशी बसल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. मॉडेल बंद होणं ही फार छोटी गोष्ट आहे. ते पुन्हा बनू शकतं का आणि न झिजलेले नग किती उरलेत, हे पाहायचं.

पहिला आठवडा

आधी आजही चालू असलेल्या कंपन्यांचे आधुनिक चाकू बाजूला काढले. एकतीसपैकी चौदा. यात स्पायडर्कोचे सर्वात जास्त. १९८१ साली पात्याला गोल भोक आणि मुठीला क्लिप देऊन या कंपनीने एका हाताने उघडणाऱ्या चाकूची सवयच लावली, आणि तिचे जुने नमुने मला मनापासून आवडतात. पण संग्रहाचं मोल म्हणून बघायला बसले की हात आखडतो. कंपनीकडे नकाशे आहेत, हत्यारं आहेत, माणसं आहेत. लोक एखाद्या जुन्या नमुन्यासाठी हळहळतात हे दिसलं की त्याच आकाराचा स्प्रिंट रन, म्हणजे एकदाच काढलेली छोटी खेप, निघतो, बहुतेकदा वेगळ्या पोलादात. ज्याला तो आकार वापरायला हवा होता त्याचं काम झालं. जुन्या चाकूच्या मागे राहतो तो फक्त पहिल्या खेपेचा मान.

दुसरी अडचण पोलादाची. आधुनिक चाकू आपण पोलादाचं नाव बघून घेतो. २००१ मध्ये सीपीएम एस३०व्ही आलं तेव्हा त्याचं केवढं कौतुक होतं! आज तेच पोलाद ऐकून कुणी मान वर करत नाही. ज्या गुणामुळे चाकू विकला गेला तो गुण दहा वर्षांत मागे पडत असेल, तर त्यावर भविष्यातली ओढ टिकणं अवघड. साध्या कार्बन पोलादाच्या, हाडाच्या मुठीच्या स्लिपजॉइंटला, म्हणजे खटका नसलेल्या, फक्त स्प्रिंगवर उघडा राहणाऱ्या चाकूला, हा त्रास नाही. तो कुणी धार किती टिकते म्हणून जपत नाही.

या चौदांतले दोनच मी 'जपावे' या बाजूला ठेवले. दोन्ही पहिल्या खेपेचे, दोन्ही डब्यासकट. बाकीचे वापरात काढले आणि मन हलकं झालं. त्यातला एक गेले बारा दिवस रोज खिशात आहे.

दुसरा आठवडा

हा आठवडा सगळ्यात रंगला, कारण आता कारखानेच बंद झालेले चाकू आले.

न्यूयॉर्क राज्यातल्या एलनव्हिलचा इम्पीरियल श्रेडचा कारखाना जुलै २००४ मध्ये बंद झाला. ओल्ड टायमर आणि अंकल हेन्री ही त्यांची घरोघरी पोचलेली नावं. नावं विकली गेली आणि त्याच नावांचे चाकू पुढे चीनमध्ये बनू लागले. म्हणजे आज बाजारात ओल्ड टायमर मिळतो, पण एलनव्हिलचा ओल्ड टायमर आता कधीच बनणार नाही. आपल्या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे असं मला आधी वाटलं. माझ्याकडे ओल्ड टायमरच्या ३४ओटी या तीन पात्यांच्या मॉडेलचे चार नग आहेत, तपकिरी डेलरिनच्या (एक टणक प्लास्टिक) मुठीचे, टँगवर यू.एस.ए. लिहिलेले. चारही एका वेळी उघडून मांडले आणि शांतपणे विचार केला. हे चाकू प्रचंड संख्येने बनले. शेतकऱ्यांनी वापरले, शिकाऱ्यांनी वापरले, वाढदिवसाला भेट म्हणून दिले. अजूनही जुन्या खणांतून, हत्यारांच्या पेट्यांतून ते बाहेर येत असतात. कारखाना गेला तरी माल संपलेला नाही. त्यामुळे वापरलेला ३४ओटी चांगला सोबती आहे, ठेवा नाही. पण डब्यात, कागदासकट, धारदगड कधीही न लागलेला ३४ओटी ही वेगळीच वस्तू आहे, कारण हा चाकू जपून ठेवावा असं तेव्हा फारच थोड्यांच्या मनात आलं.

याच्या उलट गोष्ट रेमिंग्टनच्या बुलेट चाकूंची. मुठीवर गोळीच्या आकाराची पट्टी असलेले हे चाकू मूळचे १९२० च्या दशकातले. कंपनीने १९४० मध्ये चाकू बनवणं सोडलं. जुने नग इतके शोधले जाऊ लागले की १९८२ मध्ये आर११२३ या जुन्या मॉडेलची नवी आवृत्ती आली आणि मग दर वर्षी एकेक नवा नमुना येत गेला. १९८२ च्या चाकूला आजही मान आहे. पुढच्या वर्षांचे मात्र लोकांनी संग्रह म्हणूनच घेतले, डब्यातून काढलेच नाहीत. सगळेच जपलेले असले की जपलेल्याचं अप्रूप राहत नाही. माझ्याकडे नंतरच्या वर्षांतले दोन आहेत, दोन्ही कोरे. त्यांच्याकडे पाहून आनंद होतो आणि तेवढं पुरे आहे. 'मर्यादित आवृत्ती' हे शब्द डब्यावर छापलेले दिसले की मी हल्ली दोन पावलं मागे सरते. खरी दुर्मिळता कारखान्यात ठरत नाही, ती लोकांच्या खिशात झिजून तयार होते.

कॅमिलसचा एकच आहे (तोही कारखाना २००७ मध्ये गेला). त्याची स्प्रिंग ढिली आहे, त्याच्याबद्दल आत्ता लिहिण्यासारखं काही नाही.

मग केस. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची ही कंपनी चालू आहे, म्हणजे माझ्या पहिल्या आठवड्याच्या हिशेबात तिचे जुने चाकू मागे पडायला हवेत. पडत नाहीत, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. १९७० पासून केसने टँगवरच्या शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक कमी करत नेला. दहा ठिपके म्हणजे १९७०, एक ठिपका म्हणजे १९७९. १९८० ला नावातला एस विजेसारखा टोकदार झाला आणि पुन्हा दहापासून सुरुवात. म्हणजे एकच नमुना दर वर्षी जणू नव्याने बंद होत गेला! संग्राहकाला आपल्या जन्मवर्षाचा हवा असतो, मग भावाच्या वर्षाचा, मग सगळी रांग. नमुन्याचा क्रमांकही बोलका आहे. ६३४७ मध्ये ६ म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती आणि ४७ हा आकार. एक सावधगिरी: त्या काळात काही नमुन्यांना डेलरिनची मूठ लागली तरी क्रमांक ६ चाच राहिला. भिंगाखाली हाडात बारीक गडद छिद्रं आणि रेषा दिसतात, डेलरिन एकसारखं गुळगुळीत असतं. माझा सहा ठिपक्यांचा ६३४७ या आठवड्यात पाहिला, छिद्रं स्पष्ट आहेत. खूप बरं वाटलं.

तिसरा आठवडा

या आठवड्यात अवस्था तपासली. इथे मी सगळ्यात जास्त शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पातं झिजलंय का हे उघड्या चाकूपेक्षा मिटलेल्या चाकूत लवकर कळतं. धारेकडून पोलाद गेलं की टोक पाठीकडे सरकतं आणि मिटलेल्या चाकूत ते लायनरच्या, म्हणजे मुठीतल्या धातूच्या पट्टीच्या, वर डोकावतं. खिशात हाताला टोचू नये म्हणून जुन्या मालकाने मग पात्याच्या मुळाशी असलेली किक, म्हणजे मिटलेलं पातं ज्यावर टेकतं तो उंचवटा, कानशीने घासलेली असते. तसं केलं की टोक आत जातं, पण नखाची खाचही मुठीत बुडते. त्यामुळे खाच नीट नखात येत नसेल तर पातं कितीही चमकत असो, ते पूर्ण नाही. माझ्या चार ३४ओटींपैकी दोन इथेच बाद झाले.

शिक्का खोटा असू शकतो. जुना घासून नवा मारला असेल तर टँग त्या बाजूला किंचित खोलगट लागतो. खिडकीच्या उजेडात तिरका धरा, सावली पडते. एका विक्रेत्याकडून 'कोरा' म्हणून घेतलेला एक चाकू असाच निघाला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आणि एक नुकसान. खणाच्या डाव्या कोपऱ्यात पिवळसर पारदर्शक सेल्युलॉइडच्या मुठीचा एक जुना चाकू होता. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रेट केलेलं सेल्युलोज. जुनं होताना ते आम्लधर्मी वाफा सोडतं, आणि बंद खणात त्या शेजारच्या पोलादावर बसतात. त्याची मूठ कडेने भुगा होऊ लागली होती, आणि लगतच्या दोन चाकूंवर, बरोबर त्याच्याकडच्या बाजूला, तांबूस गंज चढला होता. त्यातला एक मला वडिलांकडून मिळालेला. गंज निघाला, खड्डे राहिले. तुमच्याकडे सेल्युलॉइड असेल तर आजच वेगळं काढा आणि हवेशीर जागी ठेवा. हवाबंद पिशवीत घालू नका, वाफा आतच कोंडतात. चामड्याच्या म्यानातही चाकू कायमचा ठेवू नये, चामडं कमावताना वापरलेल्या रसायनांनी पितळ हिरवं पडतं.

वीस वर्षांचा अंदाज बांधताना आपण बाजाराचा विचार करतो, पण यातल्या कितीतरी चाकूंचं भवितव्य खणातच ठरतं.

शेवटी राहिले व्हिक्टोरिनॉक्सचे सैनिकी चाकू, १९६१ चं मॉडेल. ९३ मिमी, ॲलॉक्सची (ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमची) मूठ, टँगवर सालाचे दोन आकडे. २००८ मध्ये स्विस सैन्याने १११ मिमीचा, एका हाताने उघडणारा चाकू घेतला आणि हा थांबला. जवळपास त्याच घडणीचा पायोनियर आजही मिळतो, म्हणजे वापरायला जुना कुणालाच लागत नाही. तरीही शोधतात, त्या दोन आकड्यांसाठी. माझी काही सालं जमली. दोन नग एकाच सालाचे आहेत, त्यातला जास्त झिजलेला, कोरलेल्या आद्याक्षरांचा, मी ठेवणार आहे. ती अक्षरं कुठल्या तरी सैनिकाची असावीत. अदलाबदल करायची असेल तर दुसरा, स्वच्छ नग मोकळा आहे.

एकतीसपैकी 'जपावे' मध्ये आता नऊ आहेत. उरलेल्या दोन ३४ओटींपैकी एकाचं मधलं पातं मला किंचित अरुंद वाटतंय. ते कॅलिपरने मोजून दुसऱ्याशी ताडून पाहायचं आहे, आकडे पुढच्या नोंदीत देते.