पाचशेला चौदा कमी

जपानच्या गुन्मा प्रांतातलं दोआई हे स्टेशन नावाला एकच आहे, पण त्याचे दोन फलाट एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. टोक्योकडे जाणारी अप गाडी वर उघड्यावर, झाडीत, चार स्टेशनांसारखी थांबते. डाऊन गाडी मात्र डोंगराच्या पोटात, सुमारे ७० मीटर खोल बोगद्यात उतरवते. अप-डाऊनची भानगड मुंबईच्या लोकलवाल्यांना नवी नाही, पण गाडीने नावाला इतकं जागावं म्हणजे जरा अतीच झालं.

खालच्या फलाटावर भर उन्हाळ्यातही अंगावर काटा येतो. फलाट संपला की सरळसोट जिना, ४६२ पायऱ्यांचा. तो संपला की एक लांब बोळ, आणि आता सुटलो असं वाटेस्तोवर आणखी २४. पायऱ्यांवर मध्येमध्ये आकडे रंगवलेत. तो दिलासा आहे की टोमणा, हे आपल्या गुडघ्यांनी ठरवायचं. टेकायला बाकडी आहेत. जिन्याशेजारी एक रुंद मोकळी पट्टी दिसते. ती म्हणे सरकत्या जिन्यासाठी राखून ठेवलेली. सरकता जिना आजवर आलेला नाही, डोंगरातलं पाणी तेवढं तिथून झुळझुळत जातं. ती राखीव जागा पाहून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

हे असं झालं ते सुधारणेमुळे. तानिगावा डोंगराच्या रांगेखालचा पहिला शिमिझू बोगदा १९३१ साली सुरू झाला. त्याआधी टोक्योहून निगाताकडे निघालेली गाडी लांबच्या वाटेने, उसुई घाटात दातेरी रुळांवरून चढत जायची. डोंगर जितका खालून पोखरावा तितका बोगदा लांब, म्हणून तेव्हाच्या इंजिनिअरांनी तो उंचावर घेतला. तरीही ९.७ किलोमीटर भरलाच. गाडी तेवढी उंच चढावी म्हणून दोन्ही बाजूंना रुळांची अख्खी वेटोळी घातली. दोआई तेव्हा सिग्नलपुरतं ठाणं होतं, १९३६ मध्ये त्याचं रीतसर स्टेशन झालं. पुढे मार्ग दुहेरी करताना, १९६७ मध्ये, साडेतेरा किलोमीटरचा नवा बोगदा खालून काढला. वेटोळी नकोत, चढ नको. गाडीचा चढ वाचला तो असा, आणि तोच प्रवाशाच्या पायांवर आला!

प्रवासी तरी कोण, तर मुख्यतः गिर्यारोहक. त्यांना जिन्याचं काय! तानिगावा उंचीने जेमतेम १,९७७ मीटर, पण त्याच्या कड्यांनी आणि लहरी हवेने १९३१ पासून ८०० हून अधिक बळी घेतलेत. टोक्योहून रात्रीच्या गाडीने यायचं, स्टेशनात पाठ टेकायची आणि उजाडताच डोंगराकडे निघायचं, असा शिरस्ता होता. स्टेशनात कर्मचारी होते तेव्हा डाऊन गाडीसाठी आत सोडणं सुटायच्या दहा मिनिटं आधीच बंद होई. ऐन वेळी धावत जिना उतरणाऱ्यांची काळजी, दुसरं काय.

१९८२ मध्ये शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आली ती याच रांगेखालून, २२ किलोमीटरच्या तिसऱ्या बोगद्यातून. दोआईची दखलही न घेता ती सुसाट जाते. जुन्या मार्गावर आता दिवसाला मोजक्याच गाड्या उरल्यात, स्टेशनात कर्मचारी नाही, आणि त्यांच्या खोलीत २०२० पासून कॅफे चालतो. गंमत म्हणजे लोक आता येतात ते जिन्यासाठीच. सरकता जिना वेळेवर बसला असता तर इथे कोण फिरकलं असतं, मला शंकाच आहे.

आळशांसाठी एक युक्ती सांगून ठेवतो. टोक्योहून शिंकान्सेनने डोंगरापलीकडे एचिगो-युझावाला जायचं, तिथून साध्या अप गाडीने परत यायचं आणि दोआईला वरच्या फलाटावर उतरायचं. मग आरामात ४८६ पायऱ्या उतरून डाऊन गाडी पकडायची. ती पुन्हा युझावालाच नेऊन सोडते, मधे कितीतरी वेळ ताटकळावं लागतं आणि तिकिटांचा खर्च सणसणीत येतो. पण गुडघे शाबूत राहतात.